पूरक म्हणजे काय गो?

आमच्या घरात कॉलेजात जाणारी पहिली मीच, आणि तीही होमिओपॅथीच्या. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात घरी आले, तेव्हा मी चालतसुद्धा डॉक्टरसारखी होते. औषध द्यायची परवानगी नव्हती. रुग्णाची विचारपूस कशी करायची, एवढाच सराव करायला सरांनी सांगितलं होतं. मी काकीला पकडलं. ती खळ्यात, म्हणजे अंगणात, कोकमांसाठी रातांबे फोडत बसली होती.

"काकी, तू खंयच्या कुशीक निजतंस?"

"घोवाक पाठ करून. ह्या तुमका कॉलेजात शिकयतत?"

आमच्या होमिओपॅथीत प्रश्न फार. तहान किती, भीती कसली, ऊन सोसतं का. औषध आजारापेक्षा माणूस बघून निवडायचं, आणि ज्याने धडधाकट माणसाला त्रास होतो तेच अगदी विरळ करून तसल्याच त्रासावर द्यायचं, असं आम्हाला शिकवतात. कांदा चिरताना नाक-डोळे वाहतात, म्हणून तशा सर्दीवर कांद्याचंच औषध. इतक्या विरळ गोळीत कांदा उरतो कुठे, असं सायन्सच्या मैत्रिणीने विचारलं की मी विषय बदलते.

काकी मात्र बोलत सुटली. सांधे, सासू, स्वप्नात येणारा साप. शेवटी म्हणाली, "बरा वाटला गो. माका इतक्या कोणी कधी इचारल्यानच नाय. आता ती बीपीची गोळी बंद करतंय. आजची घेवकच नाय."

मी क्षणभर फुशारले. औषधाशिवाय पहिला रुग्ण बरा! मग भानावर आले. गोळी थांबवून हिला अर्धांगवायू झाला, तर निमित्त माझी विचारपूस.

"काकी, गोळी बंद करू नको. आमची चिकित्सा पूरक आसा."

"पूरक म्हणजे काय गो?"

मी पुस्तकातली व्याख्या सांगितली. काकी रातांबे फोडत राहिली. दुसरी व्याख्या सांगितली. तिने जांभई दिली.

"बघ," मी घाबरून म्हटलं, "डॉक्टराची गोळी म्हणजे भात. आमचा म्हणजे लोणचा. भात सोडून नुसता लोणचा खाल्लंस तर?"

"पोट जळतला."

"मगे?"

काकी उठली, हात धुतले, फडताळातली गोळी पाण्याबरोबर गिळली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "इतक्या शिकान तू लोणचाच घालतलंस काय मगे?"

लोणचं तर लोणचं. पण गोळी घशाखाली गेलेली मी नीट बघून घेतली.