गिट्टलबाईंचं नाव

लंडनजवळच्या इल्फर्डच्या मिल्का अष्टमकर यांना जानेवारी नकोसा वाटतो. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी तो बंद ठेवणाऱ्या मराठी ज्यूंपैकी. युरोपात ज्यूंचा संहार चालू असताना त्यांचे आजोबा अलिबागेत निर्धास्त झोपत होते. ही कृतज्ञतेचीच गोष्ट. पण इथल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, जानेवारीतल्या संहाराच्या स्मरणदिनी प्रत्येक घर एक मेणबत्ती लावते आणि मारल्या गेलेल्या आपल्या माणसाचे एक नाव उच्चारते. मिल्काबाई मागच्या बाकावर बसून राहतात. समाजाची ओळखच त्याच्या मृतांवर उभी असेल, तर ज्याचे कोणी मारले गेले नाही त्याने कुठे उभे राहावे? या प्रश्नाने त्यांना कधी स्वस्थता लाभली नाही.

यंदा नात मायराच हटून बसली. "आजी, एक नाव दे ना. कुणीतरी अंकल. क्लासमधले मुलं म्हणतात, तुम्ही लोक ज्यूंमध्ये काउंटच होत नाही. चेक कोण करणारे?"

"मेलेल्यांच्या नावानं खोटं? जीभ झडेल."

"मग मीपण मागेच बसू? तुझ्यासारखी?"

ते लागले. दुसऱ्या शनिवारी त्यांनी शेजारच्या बाकावरच्या वृद्ध फेल्डमन यांना गाठले. फेल्डमन यांच्या आईच्या पाच बहिणी पोलंडमध्ये मारल्या गेल्या होत्या. नाव मात्र एकच घेता येई. दरवर्षी चौघींना वगळावे लागे.

"एक आम्हाला द्याल?"

फेल्डमन यांनी नकारार्थी मान हलवली. "उसन्या मृतांनी तुमचं दुःख खरं होणार नाही, मिसेस अष्टमकर."

"दुःख मागतच नाही मी. तुमच्याकडे चार मागे राहतात, त्यातलं एक आम्ही उचलू."

"गिट्टल," ते अखेर म्हणाले. "सगळ्यांत धाकटी."

घरी मायरा नाव घोकू लागली, तशा मिल्काबाई कडाडल्या, "नुसतं गिट्टल? गेलेल्या बाईमाणसाचं नाव असं बोडकं घेतात का?"

स्मरणदिनी मायराने मेणबत्ती लावली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "गिट्टलबाई."

मागे कुणीतरी हसले. फेल्डमन यांनी मान वर केली. कार्यक्रम संपताच ते काठी टेकत आले.

"हे 'बाई' काय आहे?"

"रिस्पेक्ट," मायरा चाचरली. "मोठ्या लेडीजना म्हणतात."

"ती चार वर्षांची होती."

मिल्काबाईंचा चेहरा उतरला. वय विचारायचे त्यांना सुचलेच नव्हते. "माफ करा. आम्हाला वाटलं..."

"मोठी झालेली," फेल्डमन स्वतःशीच म्हणाले. त्यांनी 'बाई' हा शब्द आपल्या जिभेवर एकदा चाचपून पाहिला. मग मायराकडे वळले. "पुढच्या वर्षी तिची बहीण. फ्रुमा. ती सहा वर्षांची होती. तिलाही तसंच म्हण."

परतताना बसमध्ये मायरा आनंदात होती. मिल्काबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. कुणाचेच नाव न घेता मागच्या बाकावर बसणे सोपे होते, असे त्यांना प्रथमच वाटले.