हनुवटीच्या खालचे फोटो

गल्लीत त्यांना सगळे पासपोर्टकाका म्हणत. फोटोच्या दुकानावरची पाटी वेगळ्याच नावाची होती, पण ती वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती. शाळेचा दाखला असो, नोकरी असो की पेन्शन, माणूस येऊन फिरत्या स्टुलावर बसायचा. काका विचारायचे, "कशासाठी पाहिजे?" उत्तरावरून फोटोचा आकार ठरायचा आणि मग त्यांची ठरलेली वाक्यं सुरू व्हायची. खांदे सरळ. हनुवटी जरा खाली. कान दिसू देत. हसू नका. अशी एकतीस वर्षं.

दुकानाच्या उरलेल्या अर्ध्या भागात काकूंचं शिलाई मशीन. मध्ये एक पडदा होता, तोही काकूंनीच शिवलेला, आणि त्याच्या आरपार आवाज जायचा, म्हणून दोघांचा संसार पडद्याआडूनच सुखाने चालला होता.

आता फोटो लोक घरीच काढायला लागले होते. पांढरी भिंत आणि फोन असला की झालं. वर्षअखेरीला दुकान बंद करायचं हे काकांनी ठरवूनच टाकलं होतं, आणि त्याबद्दल त्यांची फारशी तक्रारही नव्हती. एकच गोष्ट मनातून जात नव्हती. हजारो फोटो काढले, ते सगळे कुठल्या ना कुठल्या कागदाला चिकटले. भिंतीवर एकही लागला नाही.

म्हणून जेव्हा वाचनालयाच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, की घड्याळाखालची भिंत पुढचा महिनाभर रिकामी आहे, गल्लीचे बारा फोटो द्या, तेव्हा काकांना दोन रात्री झोप लागली नाही. त्यांनी कॅमेरा गळ्यात घातला, गल्ली पालथी घातली आणि साठ फोटो नेऊन टेबलावर ठेवले. परत आलेल्या पुस्तकाची पानं फाटलीत का हे बघावं तसे बाईंनी ते एकेक करून पाहिले.

"काका, ही सगळी मंडळी अर्ज भरायला निघालीत का?"

काकांना ते लागलं. पण घरी येऊन त्यांनी पुन्हा फोटो पसरले, आणि बाईंचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. फळवाला कलिंगड हातात धरून ताठ. प्लंबरने टोपी काढून बगलेत मारलेली. एका बाईने तर कडेवरच्या बाळाचेही केस कानामागे सारले होते. गल्लीतला प्रत्येक जण कधी ना कधी त्या स्टुलावर बसून गेला होता. काकांनी कॅमेरा उचलला की हुकूम दिल्यासारखे सगळे सावधान व्हायचे. हा रोग त्यांनी स्वतःच एकतीस वर्षं पसरवला होता.

बाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर फोटो आले नाहीत तर भिंतीवर शाळेचं हस्तकला प्रदर्शन लागणार होतं. तीन आठवडे उरले होते.

काकांनी पडद्याला सांगायला सुरुवात केली, की लांबची लेन्स आणतो, दुसऱ्या वस्तीत जातो, जिथे मला कुणी ओळखत नाही. मशीन थांबलं. काकूंनी पडदा सरकवला.

"अहो, अख्खा तागा हातात आला की माझी कात्री बहकते. ज्या दिवशी गिऱ्हाईक वीतभर कापड कमी आणतं, त्या दिवशी मी डोकं चालवते."

"मग मी काय कमी आणू?"

"चेहरे."

काका हसले. काकू हसत नव्हत्या. त्यांनी तिथल्या तिथे माप घेतल्यासारखे नियम सांगितले. हनुवटीच्या वरचं काही फोटोत येता कामा नये. वस्तीबिस्ती काही नाही, दुकानाच्या दारातच बसायचं, त्याच स्टुलावर. दिवसाला सात क्लिक. कॅमेरा मांडीवर, डोळ्याला लावायचा नाही, कारण तो डोळ्याला लागला की गल्ली कवायतीला उभी राहते. आणि तोंडाने एक शब्द काढायचा नाही. प्रत्येक क्लिकला काकू दाराच्या चौकटीवर आपल्या खडूने एक रेघ ओढणार होत्या. काका म्हणाले, हे म्हणजे स्वयंपाक्याला चूल न पेटवता जेवण करायला सांगण्यासारखं आहे. काकू म्हणाल्या, करून बघा, उपाशी नाही मरणार.

पहिले चार दिवस वाया गेले. मुंडकं उडवलेली माणसं, बस्स. काकूंनी फोटो चाळले आणि माझी कापडं अडकवायची डमी याहून बोलकी आहे, एवढंच म्हटलं. त्यात गल्लीला नियमाचा सुगावा लागला आणि लोक मानेखालूनही पोझ द्यायला लागले. समोरचा न्हावी पोट आत ओढून दारात उभा राहिला. काकांकडे त्या दिवशीचं एकच क्लिक उरलं होतं, ते उगाच घालवायचं नाही म्हणून ते थांबले. न्हावी श्वास रोखून उभा, काका बोट रोखून बसलेले. शेवटी न्हाव्याने हार मानली, आणि सबंध पोट बटणांच्या फटीतून हुश्श करत बाहेर आलं. काकांचं बोट त्याच क्षणी पडलं.

काकूंनी तो फोटो टाचणीने पडद्याला लावला.

तिथून काका थांबायला शिकले. आधी दिसेल ते टिपायचे, आता सातच रेघा म्हटल्यावर बघत बसायचे. स्टुलावर बसलं की डोळे माणसांच्या हातांच्या उंचीला येतात, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण स्टुलावर ते कधी बसलेच नव्हते. प्लंबरच्या मागच्या खिशात पान्ह्याशेजारी अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं असायचं. निवृत्त मास्तर चालता चालता एका बोटाने हवेत बेरीज करायचे. एकमेकींशी बोलत नसलेल्या दोघी जावा एकाच जड पिशवीचा एकेक बंद धरून गल्ली ओलांडायच्या. पडद्यावरच्या टाचण्या वाढत गेल्या. शेवटच्या दिवशी दुपारी त्या अकरा होत्या, आणि चौकटीवर त्या दिवसाच्या सहा रेघा.

चारच्या सुमाराला इस्त्रीवाले आजोबा काकांच्या दुकानासमोर आले. गल्लीत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. काकांच्या सगळ्या गिऱ्हाइकांत त्यांचा फोटो सर्वांत सोपा, हसू नका असं सांगावंच लागत नसे. त्यांच्या नातीने आजोबांचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला होता आणि ती त्यांच्या मनगटाला लोंबकळत होती. आणि आजोबा हसले. दात नसलेलं, तोंड भरून.

काका सगळे नियम विसरले. कॅमेरा डोळ्याला गेला.

आजोबांनी तो पाहिला. तोंड मिटलं. खांदे मागे, हनुवटी खाली. हसू असं गेलं, की ते होतं यावर काकांचाच विश्वास बसेना. पडद्यामागून काकू खडू घेऊन आल्या होत्या. काकांनी कॅमेरा सावकाश मांडीवर उतरवला. अकरा फोटोंनी भिंत भरणार नव्हती. मग त्यांचं लक्ष खाली गेलं.

आजोबा मानेपर्यंत सावधान होते. शर्ट ताठ, दोन्ही हात शिवणीला चिकटलेले. पण नात कसली ऐकते. उजव्या मनगटाला ती अजूनही झोके घेत होती, आणि आजोबांच्या पायातली एक चप्पल निघून लांब पडली होती. उघड्या पायाचा अंगठा तिच्या झोक्याबरोबर वर खाली ठेका धरत होता. तो अंगठा सावधान व्हायचा राहून गेला होता.

क्लिक. सातवी रेघ.

संध्याकाळी काकूंनी तो फोटो बराच वेळ धरून ठेवला.

"हसत होते ना?"

"तुला कसं कळलं? तू तर खडू घेऊन उशिरा आलीस."

काकूंनी बारावी टाचणी लावली आणि त्या पुन्हा मशीनवर बसल्या.

भिंतीवर फोटो लागले. ग्रंथपालबाईंना धास्ती होती, की चेहरे नाहीत तर लोकांना कळणार काय. पहिल्याच सकाळी तिथे इतका गलका झाला, की त्यांना दोनदा शांतता राखा म्हणावं लागलं. पोट कुणाचं हे न्हाव्याच्या बायकोने दारातूनच सांगितलं. जावा वेगवेगळ्या वेळी येऊन गेल्या, पण दोघीही त्याच फोटोसमोर उभ्या राहिल्या.

इस्त्रीवाले आजोबा तिसऱ्या दिवशी आले. चपलेवरून त्यांनी स्वतःला ओळखलं. बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले आणि मग कोपऱ्यात बसलेल्या काकांकडे गेले.

"याची एक प्रत मिळेल?"

काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कशासाठी पाहिजे?"

आजोबांना प्रश्नच कळला नाही. "कशासाठी म्हणजे? घरात लावायला."

काकांनी खिशातून वही काढली आणि आकार लिहायला सुरुवात केली. मग पेन थांबलं. या कामाचा कुठलाच आकार त्यांना पाठ नव्हता. त्यांनी आजोबांनाच विचारलं, तुमची भिंत केवढी आहे?