छपराखालचं मत

आमच्या अमेरिकेतल्या गावात मतदान शाळेच्याच व्यायामशाळेत होतं. परवा रांगेत उभा होतो, तेव्हा गळक्या छपरातून खालच्या बादलीत थेंब पडत होते. प्रश्नही छपराचाच होता. दुरुस्तीसाठी शाळेनं कर्जरोखे विकावेत का? बहुमत 'हो' म्हणालं, तर ते कर्ज सगळ्यांच्या घरपट्टीतून फिटणार. ज्यांची मुलं शाळेत नाहीत, त्यांच्याही.

मागच्या खेपेला हाच प्रस्ताव पडला. "इथली माणसंच कंजूष," असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे 'नाही' म्हणणाऱ्यांत मीही होतो. माझा मुलगा याच शाळेत शिकून केव्हाच बाहेर पडला होता.

"अहो, दोनच तर पर्याय आहेत," मतपत्रिकेवर माझं पेन थबकलेलं बघून शेजारून बायको कुजबुजली. "बोर्डाच्या परीक्षेतही एवढे अडला नसाल!"

मी 'हो'वर खूण केली. मन हलकं वगैरे झालं नाही. नुसतं दमल्यासारखं वाटलं.

बाहेर पडताना शाळेचा सफाई कामगार भरलेली बादली ओतायला निघाला होता. मी दार धरून उभा राहिलो. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यानं हसून आभार मानले, आणि मला त्याच्याकडे बघवेना.