एकवीस दिवसांची बाटली

गुलाबभाई शिकलगार गेल्याचं मला राजारामपुरीतल्या एका फ्लेक्सवरून कळलं. ज्या लॅबमध्ये ते काम करत, तिच्यापेक्षा फ्लेक्स थोडाच लहान होता. फोटोखाली ‘वैद्यकीय क्षेत्राचा आधारवड’ असं छापलेलं. हयातीत या आधारवडाला पाठ टेकायला खुर्चीही मिळाली नव्हती... तीस वर्षं स्टुलावर बसून त्यांनी लोकांचं रक्त तपासलं.

आमची ओळख माझ्या धाकट्या भावामुळं झाली. विलासला रक्ताचा कर्करोग झाला आणि केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर ताप आला. उतरायचा, पुन्हा चढायचा. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या. अशा वेळी रक्तात जंतू शिरला तर कर्करोगाआधी तोच माणूस नेतो, असं डॉक्टर म्हणाले होते. जंतू कोणता हे कळावं म्हणून रक्त बाटलीत घालून उबेत ठेवतात. पाच दिवसांत काहीच वाढलं नाही, तसा रिपोर्ट आला. औषधं बदलून झाली, ताप हटेना. पाच दिवसांनी बाटली टाकून द्यायची, अशी लॅबची रीत. पण ज्याचा ताप उतरला नाही त्याची बाटली गुलाबभाई एकवीस दिवस ठेवत, वर निळ्या शाईनं तारीख घालून. मालक म्हणायचे, शिकलगार लोणचं मुरवतोय.

अकराव्या दिवशी विलासच्या बाटलीत वाढ दिसली. सगळ्या तपासण्या करून गुलाबभाई स्वतः घरी आले. चहा नको म्हणाले आणि मला जिन्यात बोलावलं.

“मास्तर, भावाला दुधाच्या कट्ट्यावर नेलतासा?”

नेलं होतं. कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून ग्लासात दिलेलं कोमट, न तापवलेलं दूध हा आमच्या कोल्हापुरात सर्व आजारांवरचा उपाय. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या मी विलासला ताकद यावी म्हणून, भावजयीला न सांगता, दोन ग्लास पाजले होते. बाटलीत वाढलेला हा जनावरांचा जंतू, कच्च्या दुधातून येतो. केमोच्या रुग्णाच्या रक्तात त्यांनीही तो पहिल्यांदाच पाहिला होता. रिपोर्टात दुधाचा उल्लेख येईल का, असं मी विचारलं. आजही लाज वाटते.

“रिपोर्टावर जंतूचं नाव असतंय, मास्तर. आणणाऱ्याचं नसतंय. पर डॉक्टरला तुमीच सांगायचं. आन् आत्ता.”

सांगितलं. औषधं बदलली, आठवडाभरात ताप उतरला, पुढं केमोही पुरी झाली. विलास आज काजूच्या व्यापारासाठी आजऱ्याला ये-जा करतो. भावजयीनं मला वर्षभर काळा चहा दिला. मी पेढे घेऊन लॅबमध्ये गेलो, तर गुलाबभाई म्हणाले, डॉक्टरला द्या, मी नुसती वाट बघितली.

लॅबच्या दारात झालेल्या शोकसभेत लोणच्याचा विनोद करणारेच त्यांच्या चिकाटीवर बोलले... बराच वेळ बोलले. मी आत गेलो. त्यांच्या सहकारी सुजाताबाई उबेचं कपाट उघडून उभ्या होत्या. आत एकच बाटली, वर निळी शाई. गुलाबभाईंनी जाण्याच्या दोन दिवस आधी ठेवलेली. ही अजून ठेवली आहे का, असं मी विचारलं.

“तारीख बघा की,” त्या म्हणाल्या. “अजून पाच दिवस हायत तिचे.”

आणि त्यांनी कपाटाचं दार हळूच लावलं.