दादाची वायर

लालबागच्या नव्या टॉवरमध्ये घर मिळाल्यावर माझ्या मोठ्या भावाने स्पीकरसाठी महागडी परदेशी वायर आणली. तिच्यामुळे तबल्यावरचं एकेक बोट वेगळं ऐकू येतं, असं तो आल्यागेल्याला बसवून सांगायचा. आम्हाला फरक कळला नाही की म्हणायचा, "तुमचे कानच मंडळाच्या डीजेचे." ते मला फार लागायचं.

एका रविवारी आम्ही त्याच्याकडे जेवायला गेलो होतो आणि तो मासे आणायला बाजारात गेला. तेवढ्यात मी त्याची वायर काढली आणि गणपतीत आम्ही दिव्यांच्या माळा जोडतो ती साधी वायर स्पीकरला लावली. जेवणाआधी दादाने डोळे मिटून अख्खं भजन ऐकलं आणि म्हणाला, "ह्याला म्हणतात आवाज." जेवायला बसल्यावर मी त्याची वायर माझ्या पिशवीतून काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. सगळे हसले, त्याची मुलगी सगळ्यांत मोठ्याने. तो खाली मान घालून बांगड्याचे काटे काढत राहिला.

त्यानंतर मी त्या वायरीला हात लावलेला नाही. तरी मी गेलो की भजन लावण्याआधी तो हळूच विचारतो, "आज कुठली आहे रे?"

मी म्हणतो, "ओळख ना तूच, दादा."