दहा लाख नऊ

माझं डोकं फार लवकर तापतं. पनवेलच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा एकदा वर्गात ठणकावून सांगितलं, दहा लाख नऊ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. खरं तर मी तेरापर्यंतच भागून पाहिलं होतं. माझ्याबरोबर गणित शिकवणारे मास्तर बेने इस्राएल होते. मधल्या सुट्टीत ते हसून म्हणाले, हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायला हवं, आणि त्या एकशे अडुसष्ट आहेत.

झालं, मला चैन पडेना. त्या दिवसापासून ते संध्याकाळी माझ्या ओटीवर येत आणि आम्ही तीन-चार भागाकार उरकत असू. ते करत, मी ताळा पाही. शनिवारी त्यांचा शब्बाथ, पेन्सिलीला हात लावायचा नाही. त्या दिवशी ते डोळे मिटून मनातच भागत आणि बाकी सांगत. मी ती वहीत मांडी, ताळा रविवारी.

अशाच एका शनिवारी ते येऊन बसले आणि म्हणाले, कागद आले. महिन्याभरात सगळे बोटीने इस्राएलला निघतोय. मला राग आला. कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही. दोनशे त्र्याण्णवची पाळी होती. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, "बाकी सतरा." मी लिहिलं. रविवारी वही उघडलीच नाही, नेऱ्यापर्यंत तंगडतोड करून आलो.

पुढे मला घाई सुटली. मी म्हणे, आज दहा उरकू. ते चारांवर वही मिटत आणि चहा मागत. मी चिडे. निघायच्या आदल्या दिवशी नऊशे सत्त्याण्णव झाला, कशानेच भाग गेला नव्हता. वर्गाला मी छाती फुगवून तसं सांगितलं.

ते गेल्यावर ओटीवर बसवेना. एकदा हाताला चाळा म्हणून वही काढली, तर त्या शनिवारचा ताळा राहिलेला. करून पाहिला. दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा, बाकी शून्य. मी तणतणत चार पानी पत्र लिहिलं, की तुमच्या चुकीमुळे मी पोरांपुढे खोटा ठरलो.

उत्तर आलं ते एवढंच: "मास्तर, चूक नव्हती. शून्यच आलं होतं. तसं सांगितलं असतं तर आपली बैठक त्याच दिवशी मोडली असती, आणि माझ्याकडे महिनाच उरला होता. पेन्सिल धरली नाही, पण शब्बाथला खोटं बोललो."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर गुणाकार मांडला. चूक कुणाची, असं एका मुलीने विचारलं. माझी, म्हणालो, मी ताळा पाहिला नव्हता.