घराकडचा आणि रस्त्याकडचा

त्यांना सगळी गल्ली मामा म्हणायची. चारचौघांत बायकोही मामाच म्हणायची, घरात मात्र ‘अहो’. घराला लागूनच त्यांची शेड होती: एका बाजूला स्वयंपाकघराची भिंत, दुसऱ्या बाजूला रस्ता, पुढे शटर. जुन्या गाड्यांचे ब्रेक हे मामांचं काम आणि त्यांच्या हाताखाली मामी.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात दोघांची भांडणं डाव्या-उजव्यावरून व्हायची. मामा मनाने ड्रायव्हरच्या सीटवर बसून बोलायचे, मामी दिवा घेऊन गाडीसमोर उभ्या असायच्या. “डावीकडचा पाना दे” आणि “डाव्या चाकाला दे” यांत एकदा पाना मामांच्या पायावर पडला. त्या दिवसापासून डावं-उजवं बंद झालं. एक बाजू घराकडची, दुसरी रस्त्याकडची. गाडी नेहमी तोंड आत करूनच उभी राहायची, त्यामुळे कधी चुकामूक झाली नाही.

अलीकडे मामा विसरायला लागले होते. गॅस चालू राहायचा. लेकीला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक जायची. लेक दर रविवारी यायची आणि तोच विषय काढायची.

“बाबा, तुम्ही रेडिओ दुरुस्त करत असता तर मी काही बोलले नसते. रेडिओ बिघडला तर गाणं थांबतं. ब्रेक बिघडला तर गाडी थांबत नाही.”

मामांनी मान हलवली. “बरं. ही डॉक्टरांची गाडी होऊ दे. हिचा ब्रेक धड लागला नाही, तर मीच शटर ओढतो.”

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून त्यांनी भंगारातून पोतंभर ब्रेकचे सुटे भाग जमवले होते, तीन-चार गाड्यांचे एकत्र. मामांनी जुनी चादर अंथरून पोतं तिच्यावर पालथं केलं. एक चकती उचलून तिच्या कडेवर अंगठा फिरवला. “ही जाड आहे. दुसऱ्या गाडीची.” मग पॅड. “आपल्या गाडीचे पॅड पिनांवर बसतात. ह्यांना भोकंच नाहीत.” शेवटी चकतीला दोन्हीकडून चिमटीत धरणारे कॅलिपर. पाचातून दोन त्यांनी बाजूला काढले.

“मामा, मला तर सगळे दगडच दिसतात,” डॉक्टर म्हणाले.

“मलाही तुमच्या खुर्चीत सगळे दात सारखेच वाटतात. पण तुम्ही नेमका दुखणारा सोडून शेजारचा काढत नाही ना?”

मामी हसल्या. “मागच्या खेपेला ह्यांना तीच शंका होती.”

ते दोन कॅलिपर धुऊन, आतली रबरं बदलून दोन डब्यांत ठेवले गेले. एका डब्यावर रंगाने लिहिलं होतं ‘घर’, दुसऱ्यावर ‘रस्ता’.

पुढच्या रविवारी मामा-मामी डोळे तपासायला गेले होते. लेक आली तर शेडमध्ये तेलाचं थारोळं. बाबा घसरतील म्हणून तिने शेजाऱ्यांना हाताशी धरून गाडी बाहेर ढकलली आणि फरशी घासली. गाडी परत घेताना तोंड बाहेर ठेवलं, म्हणजे निघायला सोपी. परत आल्यावर मामा कुरकुरले, मामी म्हणाल्या, उजेड तरी बरा येतोय. गाडी फिरलेली दोघांनी पाहिली. शब्दही फिरवायला हवेत, हे दोघांनाही सुचलं नाही.

कॅलिपर बसले, नळ्या जोडल्या. मग तेलातली हवा काढायची. मामी सीटवर, मामा चाकापाशी.

“दाब.”

“दाबलं.”

“धर. सोड.”

बुडबुडे यायचे थांबले, तरी पायडल गादीसारखं मऊच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मामांनी तेलाचा मुख्य पंप उघडून पुन्हा बसवला. तरी तेच. रविवारी लेक चहा घेऊन शेडमध्ये आली, तेव्हा ते स्टुलावर हात मांडीत घेऊन बसले होते.

“शटर ओढ,” ते म्हणाले.

लेकीला हेच हवं होतं. तरी तिचा हात शटरकडे गेला नाही.

मामी गाडीतून उतरल्या, पाय आखडले म्हणून चाकाशी उकिडव्या बसल्या. “अहो, हवा वर जाते ना?”

“मग?”

“मग तुम्ही ती खालून का काढताय?”

मामा वाकले. हवा सोडायचा स्क्रू कॅलिपरच्या खालच्या टोकाला होता. “हा वर असतो,” ते हळू म्हणाले. “पण हा घराकडचा आहे.”

“घराकडेच तर लावलाय.”

दोघांनी एकदम बॉनेटकडे पाहिलं. बॉनेट शटरकडे बघत होतं.

“गाडी फिरवली कुणी?”

“मी,” लेक म्हणाली. मामी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, मग लेकही.

मामा हसले नाहीत. “हसू नका. दोन दिवस मी त्या स्क्रूला नळी लावत होतो. पूर्वी हात लागताच कळलं असतं.”



दुपारपर्यंत कॅलिपरांची अदलाबदल झाली. मामींनी पायडल दाबलं. ते अर्ध्यात टणक थांबलं. मामांनी हात पुसत लेकीकडे पाहिलं.

“शटर उघडं राहील. पण ब्रेक बसवायचं काम ह्या गाडीबरोबर संपलं. पार्ट ओळखून देईन. बसवायला चौकातला तो नवा मेकॅनिक आहे.”

“त्याला जमतं?”

“हात माझ्यापेक्षा चांगला आहे त्याचा. फक्त काय बसवतोय ते त्याला कळत नाही.”

“बाबा!”

“म्हणून तर शटर उघडं ठेवतोय.”